आठवी महिरप

बुखारा, ११ एप्रिल २००९

फोझिल,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची रीत आहे, पण तू खुशाल आहेस हे मला ठाऊक आहे. शेजारच्या सफियाचा जावई चेल्याबिन्स्कला गेला होता, त्यानं तुला पाहिलं. म्हणाला, पोट सुटलंय, केस गेलेत, आणि लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवतोस. नवा पत्ता त्याच्याकडूनच घेतला. फोन केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून कागद. अक्षर ओळखलं नसशील तर सांगते, तुझी थोरली बहीण, तुझी अपा, मुअत्तर.

घर उभं आहे. आता त्याला घर म्हणत नाहीत, हॉटेल म्हणतात. आठ खोल्या आहेत. बालवाडीची मुलं जिथं झोपायची ती लांब खोली आठवते? तिच्या तीन केल्या. तुझी खोली जिन्याखालची, तिथं आता चादरी असतात. माझी मावझुना मोठी झाली, कॉम्प्युटरवर पाहुण्यांशी बोलते, मी न्याहारी सांभाळते. पाहुणे रोज त्याच बुटक्या दारात डोकं आपटतात. मावझुनानं चार भाषांत पाटी लावली. आता पाटी वाचता वाचता आपटतात.

सगळे येतात ते मेहमानखाना बघायला. कराकुल कातड्यांच्या त्या व्यापाऱ्यानं अमीराच्या काळात बांधला आणि बालवाडीनं चुन्याचे सात हात देऊन पुरला, तोच. बाबांनी बारीक सुरीनं चुना खरवडत त्याला वर काढला, वीस वर्षं. आठ महिरपी. पाचांवर जुने रंग सापडले. तीन कोऱ्याच निघाल्या, त्या नव्यानं रंगवायच्या होत्या. सहावी झाली, सातवी झाली. आठवी अजून कोरी आहे. परवा एका पाहुण्यानं विचारलं, इथं टीव्ही लावणार आहात का?

आता मुद्द्याचं. जुन्या वास्तूंच्या कचेरीतून निगोरा नावाच्या बाई आल्या होत्या. घर यादीत घालायचंय. यादीत गेलं तर कोणी पाडू शकत नाही, आणि हॉटेलचा परवानाही टिकतो. नाहीतर आपली गल्ली रुंद करायचा नकाशा कुठल्यातरी टेबलावर पडलेला आहेच. बाईंनी सगळं पाहिलं, छतापाशी मान दुखेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "अपा, एक महिरप कोरी म्हणजे काम अपुरं. दहा सप्टेंबरला मी परत येते, तोवर भरा. तुमच्याकडे माणूस नसेल तर ताश्कंदहून एक रंगारी पाठवते."

ती महिरप बाबांनी तुझ्यासाठी ठेवली होती. येऊन भर. वीस दिवसांचं काम आहे.

मी तुझ्या विनवण्या करणार नाही. बाबा गेले तेव्हा तार केली होती, आला नाहीस. चाळिसाव्याचा पुलाव वाढला तेव्हाही नाही. एकुलता एक मुलगा, आणि जनाज्याला खांदा शेजाऱ्यांनी दिला. ते मी विसरलेले नाही. पण महिरप वेगळी गोष्ट आहे.

अपा


बुखारा, ३० मे २००९

फोझिल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. वर ट्रॅक्टरच्या कारखान्याचं चित्र, खाली तीन ओळी. "बाबांनी मला कमरबंद बांधला नाही. मी उस्तो नाही. महिरप कोणालाही दे." एकोणीस वर्षांत बहिणीला तीन ओळी! पोस्टमन बख्तियोरनं त्या आधीच वाचल्या होत्या. कार्ड देताना माझ्याकडे असा बघत होता की मीच कोणाचा तरी कमरबंद चोरलाय.

बरं. मग तो दिवस काढूच. आपल्या दोघांशिवाय त्यातलं खरं कोणाला माहीत नाही, आणि आपण दोघंही मूग गिळून बसलोय.

तू चोवीस वर्षांचा होतास. दहा वर्षं बाबांच्या हाताखाली रंग घोटलेस, कुंचले धुतलेस. उस्तो व्हायचं तर एक काम एकट्यानं करून दाखवायचं, सात म्हाताऱ्या उस्तोंनी ते बघायचं, आणि मग गुरूनं चेल्याच्या कमरेला कमरबंद बांधून दुवा द्यायची. तुझ्या वाट्याला सहावी महिरप आली. बाबा दीड महिना खीव्याला कामावर गेले आणि जाताना म्हणाले, "परत येईन तेव्हा सातही जणांना घेऊन येईन. एक हात, एक महिरप."

डावी बाजू तू सुंदर केलीस. फुलदाणी, डाळिंब, सोसनची फुलं. मग तुतीच्या झाडावरून पडलास. चोवीस वर्षांचा घोडा, तुती खायला झाडावर! उजवं मनगट हे एवढं सुजलं. बारा दिवस उरले होते. तू परांचीखाली बसून रडत होतास आणि मी रंगासाठी बलक आणि जर्दाळूचा डिंक घोटत होते. तू म्हणालास, "अपा, तू रोज कागदावर गिरवतेस ते मी बघितलंय. कागद दुमडून टोचलेला आहे, दोन्ही बाजू सारख्याच. फक्त भरायचं. कोणाला कळणार?"

मी तेव्हा सासर सोडून आलेली होते, कडेवर मावझुना. गल्लीतल्या बायका मला बघून आवाज खाली करायच्या. त्या बारा दिवसांत मी परांचीवर चढले आणि मला कशाचंही काही वाटेनासं झालं. खरं सांगते, लग्नातही मी इतकी खुश नव्हते.

मग ते सात जण आले. पुलाव शिजला होता. मी दाराआड वाट्यांचं तबक घेऊन उभी होते. बाबा महिरपीसमोर गेले. बराच वेळ बघत राहिले. टोचलेल्या कागदानं रेघ सारखी येते, पण पानाच्या शिरेवर कुंचला दाबायचा कुठं आणि उचलायचा कुठं, ते कागद सांगत नाही. तुझी शीर देठाशी जाड, माझी टोकाशी. मी डावखुरी. इतकी वर्षं माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

"डावी बाजू तुझी," बाबा म्हणाले. "चांगली आहे. उजवी त्याहून चांगली आहे. कोणी केली?"

तू म्हणालास, "मीच."

"फोझिल, कोणी केली?"

"दोन्ही मीच केल्या, बाबा."

बाबांनी कमरबंदाची घडी घातली. "नुसतं काम दुसऱ्याकडून करून घेतलं असतंस तर एकवेळ शिकवलं असतं. खोटं बोलणाऱ्याला मी हा बांधत नाही." सात म्हातारे पुलाव न खाता उठले. तो सगळा पुलाव मी दोन दिवस गल्लीत वाटत होते.

तू माझं नाव घेतलं असतंस तर? नवऱ्याला सोडून आलेली बाई, परांचीवर, उस्तोच्या कामाला हात लावते. त्या सात जणांसमोर बाबांची मान खाली गेली असती आणि मला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून तू घेतलं नाहीस. आणि मी चार पावलं पुढं येऊन "मी केली" एवढं म्हटलं असतं तर तुझा कमरबंद वाचला असता. मी आले नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास. तबक माझ्या हातातच होतं की रे, मला फक्त ते खाली ठेवायचं होतं.

हे तुला माहीत आहे. तरी मी ते आजवर कधी कागदावर लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. ये.

अपा


बुखारा, २१ जून २००९

फोझिल,

आज इथं इतकं ऊन आहे की पाहुणे दुपारी हौदात पाय सोडून बसलेत. मावझुना त्यांना ताक पाजते आहे. मी मेहमानखान्यात दार लावून बसले आहे.

तुझं दुसरं कार्ड आलं. आता दोनच ओळी. "मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो, अपा. पण बाबा मला खोटारडा समजून गेले, त्यांच्या भिंतीला मी हात कसा लावू?"

हे वाचून मी दोन दिवस जेवले नाही. मावझुनाला वाटलं माझं पोट बिघडलंय, तिनं डाळिंबाची सालं उकळून पाजली. तुला आता जे सांगणार आहे ते वाचल्यावर तू मला पुन्हा लिहिलं नाहीस तरी चालेल. चालेल असं लिहिते, पण चालणार नाही.

बाबा तुला खोटारडा समजून गेले नाहीत.

पंच्याण्णव साली त्यांचा हात कापायला लागला. सातवी महिरप अर्धी झाली होती. कुंचला पानावर ठेवला की रेघ सापासारखी जायची. एके दिवशी मी म्हटलं, "बाबा, तुम्ही रंग सांगा, मी भरते." त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला. मी एक पान भरलं, एकच. ते बघत होते. मग उठले, सहाव्या महिरपीपाशी गेले, उजव्या बाजूच्या पानावर बोट ठेवलं आणि तिथंच उभे राहिले. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटलं, संपलं, आता हाकलणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला पुढे सरकवून म्हणाले, "तुझ्यासाठी खोटं बोलला."

मी हो म्हटलं.

"सात जणांसमोर खोटं बोलला आणि परत तोंड उघडलं नाही. मी गाढव आहे, मुअत्तर. असा मुलगा आणि मी घडी घालून ठेवली! त्याला लिही. म्हणावं, बाबा बोलावतायत. कमरबंद तयार आहे. आठवी महिरप त्याची, तिला कोणी हात लावायचा नाही."

मी लिहिलं नाही.

वाचलंस? मी लिहिलं नाही. कागद घेऊन बसले. "प्रिय फोझिल" इथपर्यंत आले. आणि मग मनात आलं, हा आला की कुंचला त्याच्याकडे जाणार. कमरबंद बांधलेला मुलगा घरात असताना मुलीला परांचीवर कोण चढू देतं? मी पुन्हा बलक घोटत बसणार. मला सासर राहिलं नव्हतं, नवरा राहिला नव्हता. माझं म्हणावं असं ते एक सातव्या महिरपीचं काम होतं. एवढी पुरी होऊ दे, मग लिहिते, असं ठरवलं. सातवी पुरी झाली. मग बाबांनी विचारलं, "लिहिलंस?" मी म्हटलं, "लिहिलं. उत्तर नाही आलं."

एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. दर नवरोजला, गव्हाच्या मोडांच्या सुमलकची कढई चुलीवर चढली की ते विचारायचे, "फोझिलला लिहिलंस का?" आणि मी ढवळत ढवळत म्हणायचे, "लिहिलं, बाबा." नऊ नवरोज. दर वेळी त्यांचं तेच, "रागावलाय. बरोबर आहे त्याचं." शेवटच्या दोन वर्षांत दारावर टकटक झाली की उठून बसायचे. पाहुणे असायचे. रिसेप्शन कुठंय, विचारायचे.

गेले त्या दिवशीही विचारलं. मी हो म्हटलं.

तार मात्र मी खरीच केली होती. तू आला नाहीस, कारण ज्या माणसानं सात जणांसमोर तुला कमरबंद नाकारला त्याच्या मयताला कुठल्या तोंडानं यायचं, असं तुला वाटलं असणार. आणि वर मीच तुला पहिल्या पत्रात खांद्यावरून टोमणा मारला. चोराच्या उलट्या बोंबा! तो टोमणा मी परत घेते. बाकी काही परत घेता येण्यासारखं माझ्याकडे नाही.

कमरबंद पेटीत आहे. कसर लागू नये म्हणून दर वसंतात उन्हात घालते. हिरव्या काठाचा. ज्याची वाट बघत बाबा गेले तो तू होतास, आणि तुला ते कळू दिलं नाही ती मी. एवढंच.

मुअत्तर


बुखारा, ९ ऑगस्ट २००९

फोझिल,

सात आठवडे झाले. कार्ड नाही. बख्तियोर हल्ली आमच्या दारावरून सायकल जोरात हाणतो.

ताश्कंदचा रंगारी येऊन गेला. माणूस वाईट नव्हता, केस रंगवलेले, बोलायला गोड. प्लास्टिकचे साचे आणि फवाऱ्याचे डबे घेऊन आला होता. म्हणाला, "अपाजान, तीन दिवसांत अशी भरतो की जुनी कुठली नि नवी कुठली, ओळखून दाखवा." मी म्हटलं, ओळखता येत नाही तेच तर नको आहे. मग मेहमानखान्याला कुलूप घातलं, किल्ली पिठाच्या डब्यात टाकली आणि सांगितलं, किल्ली हरवली. दोन दिवस फुकट न्याहारी करून गेला. जाताना माझ्या अंजिराच्या मुरंब्याची बाटली मागून घेतली.

निगोराबाईंचा फोन आला. "अपा, किल्ली सापडली का?" मी म्हटलं, शोधते आहे. त्या म्हणाल्या, "दहा सप्टेंबरच्या आत सापडू द्या. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

मावझुना म्हणते, "आई, तूच भर ना. सातवी अर्धी तूच भरलीस, सगळ्या पाहुण्यांना मी तेच सांगते." तिला वाटतं यात अवघड काय आहे. मी भरू शकते रे. डोळे मिटून भरू शकते. पण तुझं जे होतं ते मी एकदा घेतलंय. दुसऱ्यांदा घेणार नाही, मग घर यादीत जावो नाहीतर रस्त्यात जावो.

तू आलास तर ये. नाही आलास तर दहा तारखेला मी त्या बाईंना कोरी महिरप दाखवीन आणि खरं काय ते सांगेन. सराव झालाय आता.

मुअत्तर


बुखारा, १४ सप्टेंबर २००९

फोझिल,

पोचलास का? तुझ्या बायकोसाठी दिलेला सुका मेवा गाडीत उघडला नाहीस ना? अपा आहे मी, मला माहीत आहे, उघडला असणार.

तू इथं होतास तेव्हा मला काही बोलता आलं नाही. म्हणून आता लिहिते. तूच पाहिलेलं तुलाच सांगते, हसू नकोस.

चोवीस ऑगस्टला दारावर टकटक झाली आणि मावझुना म्हणाली, "आई, एक जाडा माणूस आलाय, बुकिंग नाही त्याचं." मी ओल्या हातानं बाहेर आले. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "कबर कुठंय?" मी सांगितली. तू पिशवी ठेवून गेलास. तीन तासांनी आलास ते थेट मेहमानखान्यात. मी चहा ठेवला, चहा प्यालास. नान ठेवला, खाल्लास. माझ्याकडे बघितलं नाहीस. मला तेवढंही पुष्कळ होतं.

उस्तो हिकमत यांना मी निरोप धाडला, हे तुला आवडलं नव्हतं. पण सात जणांतले तेच एक उरलेत, एक्क्याण्णव वर्षांचे. चेल्याचा गुरू नसेल तर गुरूच्या बरोबरीच्यानं कमरबंद बांधायचा असतो. दोघांनी धरून आणलं त्यांना. बसले नाहीत. काठी टेकत सरळ सहाव्या महिरपीसमोर गेले आणि मला वाटलं होतं तेच केलं. गोष्ट जिथं तुटली होती तिथूनच धरली.

"डावी बाजू याची. उजवी कोणी केली?"

तू तोंड उघडलंस. मी बघितलं, तू पुन्हा "मीच" म्हणणार होतास. गाढवा, पुन्हा! या खेपेलाही माझ्या हातात तबक होतं. मी ते खाली ठेवलं.

"मी," म्हटलं.

उस्तो म्हणाले, "काय? मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही."

"मी केली!"

"कोणी?"

"मी केली, उस्तो! मुअत्तरनं! उजवी बाजू मी केली, यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं!" इतकी ओरडले की अंगणातले पाहुणे धावत आले, आणि त्यांतल्या त्या जर्मन बाईंना वाटलं हा काही कार्यक्रम आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उस्तो हिकमत काठी टेकत माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं लागली होय गं? त्या दिवशीचा पुलाव चांगला शिजला होता. आम्ही उपाशी गेलो." एवढंच. आणि तुझ्या कमरेला कमरबंद बांधला. दोन वेढे बसायला हवेत, तुझं पोट बघता एकच बसला. त्यांनी बाबांच्या नावानं दुवा दिली तेव्हा तू रडलास. मीही रडले. मग पुलाव वाढला, या वेळी सगळ्यांनी खाल्ला.

पुढं नऊ दिवस तू महिरपीवर चादर टांगून काम केलंस. मला आत येऊ दिलं नाहीस. जेवायला बसलास की तोंडातून फक्त मीठ, पाणी, चहा. शेवटच्या संध्याकाळी ताटावरून मान न उचलता म्हणालास, "नऊ वर्षं, अपा?"

मी म्हटलं, "हो."

तू नानचा तुकडा मोडलास. मग म्हणालास, "मीठ दे."

मीठ दिलं. मला वाटलं, एवढ्यावरच हिशेब मिटला तर मी नशीबवान. सकाळी तू कागानच्या स्टेशनवर गेलास. चादर काढू नकोस, गाडी सुटल्यावर काढ, म्हणालास. मी गाडी सुटायची वेळ होईपर्यंत घड्याळासमोर बसले आणि मग चादर ओढली.

मेल्या!

डावी बाजू पुरी. फुलदाणी, डाळिंब, सोसन, खाली बाबांच्या आवडीचं ते वाकडं कारंजं. बाथरूमच्या फरशा बसवून बसवून हात जाड झाला असेल असं मला वाटलं होतं. माझी शंका मागे घेते. आणि उजवी बाजू कोरी. फक्त टोचलेल्या कागदातून पाडलेले कोळशाचे ठिपके. परांची तू उजवीकडे सरकवून ठेवली होतीस, आणि माझी उंची तुझ्यापेक्षा कमी म्हणून तिची फळी एक हात खाली बांधली होतीस. फळीवर वाटीत बलक, ओल्या फडक्यानं झाकलेला. शेजारी कुंचला.

मी तिथं खाली जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. मावझुना धावत आली, तिला वाटलं तू घाण करून ठेवलीस.

सहा दिवस होते. मी परांचीवर चढले. गुडघे दुखतात आता, चष्मा लावावा लागतो, पण पहिल्या पानाची शीर ओढली आणि हात आपोआप टोकाशी दाबला गेला. न्याहारी मावझुनानं केली. पाहुण्यांना तीन दिवस जळकी अंडी मिळाली, कोणी तक्रार केली नाही. दहा तारखेला सकाळी शेवटचं सोसन भरलं. नऊ वाजता निगोराबाई आल्या तेव्हा माझ्या बोटांवर निळा रंग ओलाच होता.

त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. मग पिशवीतून फॉर्म काढला. महिरपीचा क्रमांक, काम कोणी केलं, गुरूचं नाव. "अपा, नाव लिहावं लागतं. एक ओळ आहे."

मी फॉर्म घेतला आणि स्वतःच्या हातानं भरला. "आठवी. डावी बाजू उस्तो फोझिल. उजवी बाजू मुअत्तर. गुरू उस्तो अस्लिद्दीन." बाबांच्या नावापाशी ओळ पुरेना, तिरकं लिहावं लागलं. मग म्हटलं, बाई, सहावीचा फॉर्म पण द्या, त्यात चूक आहे. तिथं बाबांचं नाव होतं. मी ते खोडलं आणि तिथंही हेच लिहिलं, डावी तुझी, उजवी माझी. सातवीवर डावी बाबांची, उजवी माझी. बाई म्हणाल्या, "खाडाखोड चालत नाही." मी म्हटलं, "चालवून घ्या." त्यांनी शिक्का मारला. घर यादीत गेलं.

आठवी महिरप भरली, त्यामुळे आता मेहमानखान्यात करायला काही उरलं नाही. पण अंगणाकडच्या ओसरीचं छत बालवाडीनं तेलाच्या रंगानं फासलंय, ते तू पाहिलंसच. खालून काहीतरी लाल दिसतंय. मी सुरीनं बोटभर खरवडून बघितलं. डाळिंब आहे.

बायकोला घेऊन ये. जिन्याखालच्या चादरी मी हलवल्या आहेत. सुमलकची कढई वीस मार्चला दुपारी चढेल, त्याच्या आधी पोच म्हणजे ढवळायला उपयोगी पडशील.

नवरोजला ये, फोझिल. या वेळी मी खरंच लिहिलंय.

तुझी अपा